चारशे लिटरच्या आत

नोटीस सहकारी संघाच्या फाटकावर लागली आणि तासाभरात शापेकोतल्या निम्म्या ट्रकवाल्यांच्या मोबाईलवर तिचा फोटो फिरला. गोठवलेली कोंबडी कारखान्यातून उचलायची, इताजाईच्या बंदरात पोचवायची, रिकामी गाडी घेऊन परत यायचं. आठवड्याला दोन फेऱ्या, वर्षभराचं पक्कं काम, तीन गाड्या हव्यात. डिझेल संघाचं, म्हणून अटही संघाची. हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्यात जी गाडी चारशे लिटरच्या आत परत येईल तिलाच काम मिळेल. चाचणी एकदाच, गाडी एकच, नाव शनिवारी दुपारी बाराच्या आत द्यायचं.

मारिलेईने बोटांवर हिशेब केला. दोन फेऱ्या म्हणजे दोन रात्री बाहेर आणि पाच रात्री घरी. तिने तो पुन्हा केला, कारण पहिल्यांदा खरा वाटला नाही.

तिचा नवरा वाल्देसीर तेव्हा मातो ग्रोसोत सोयाबीन ओढत होता. बापाची तेवीस वर्षांची जुनी गाडी घेऊन तो उत्तरेला जायचा आणि तीस-चाळीस दिवसांनी उगवायचा. मागच्या खेपेला तो दारात उभा राहिला तेव्हा पंधरा महिन्यांच्या आगाताने आजीच्या एप्रनमध्ये तोंड खुपसलं आणि दोन दिवस त्याच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी त्याला वाटलं दाढीमुळे असेल, म्हणून त्याने ती काढून टाकली. मग तर पोरीने नव्या माणसाला बघून नव्याने भोकाड पसरलं. घरात सगळे हसले, वाल्देसीरही हसला. पण मारिलेईने त्याला मागच्या अंगणात एकटाच गाडीचं चाक धुताना पाहिलं होतं. ते चाक आधीच स्वच्छ होतं.

ती जुनी गाडी चारशे लिटरमध्ये बसणारच नव्हती, तेव्हा ती विकून नवी घ्यायची यावर घरात दुमत नव्हतं. भांडण होतं ते कुठली घ्यायची यावर.

दोन विक्रेत्यांनी एकेक फेरी मारून बघायला गाड्या दिल्या होत्या. एक पांढरी, उंच, चौकोनी छातीची, साध्या हातगिअरची, पाचशे चाळीस घोड्यांची. ती फाटकातून आत आली तेव्हा सासरे आर्लिंदो टोपी काढून उभे राहिले. दुसरी हिरवी. तिची घोडेशक्ती ऐंशीने कमी, नाक गोलसर, कडांना झालर लावल्यासारखे पत्र्याचे पडदे, आणि गिअर आपोआप पडणारे. तिला पाहून सासऱ्यांनी टोपी पुन्हा घातली.

"ही काय गाडी आहे? ही तर साबणाची वडी," ते म्हणाले.

मारिलेईला मात्र साबणाची वडीच हवी होती. आगाता व्हायच्या आधी ती दोन वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवत होती, आणि गेले पंधरा दिवस पोरीच्या दुपारच्या झोपेत तिने दुसरं काही वाचलंच नव्हतं. ताशी ऐंशीच्या वेगाला निम्मं डिझेल वारा कापण्यात जातं. टायर कडक की मऊ याने फरक पडतो. मागच्या आसाच्या गिअरचं प्रमाण काय, याने तर फार पडतो. तिने कागद छापून आणले होते, रंगीत पेनाने खुणा केल्या होत्या. सासरे ते कागद हातात न घेता लांबूनच बघायचे.

"आमच्या मास्तरीणबाई गाडीला आता तोंडी परीक्षा घेणार," ते सासूबाईंना सांगायचे.

त्यांना कागदाची गरजच कधी पडली नव्हती. चाळीस वर्षं ट्रकवर काढलेला माणूस. गल्लीतल्या कुणाचंही इंजिन बिघडलं की ते आर्लिंदोच्या दारात आणून चालू ठेवायचं. हे पडवीत बसल्या बसल्या, हातात माते नावाच्या, नळीने ओढायच्या कडू चहाचा भोपळा, डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे की चौथ्या नळीचा डिझेलचा फवारा आडवा मारतोय. उघडून बघितलं की चौथीच निघायची. आणि त्यांची ती गोष्ट तर शापेकोतल्या प्रत्येक पंपावर सांगितली जाते: डिझेलचा दुष्काळ पडला त्या वर्षी समुद्राकडच्या घाटावर त्यांची टाकी तळाला लागली, तर त्यांनी गिअर काढून, गाडी नुसती घरंगळत, तीस किलोमीटर खाली गावापर्यंत आणली. तिकडचे ट्रकवाले या प्रकाराला 'बोळकं' म्हणतात, गिअरचे दात एकमेकांत नसतात म्हणून. कायद्याने बंदी आहे, पोलीस दंड करतात, आणि उतार लागला की निम्म्या गाड्या बोळकं करून सुटतात. डिझेल वाचतं, असं प्रत्येकाला त्याच्या बापाने सांगितलेलं असतं.

वाल्देसीर शुक्रवारशिवाय पोचत नव्हता. म्हणून दोन्ही फेऱ्या सासऱ्यांनीच मारायच्या ठरल्या, आणि शेजारच्या सीटवर वही घेऊन मारिलेई बसणार. सासरे म्हणाले वही कशाला, टाकी भरायची आणि आल्यावर पुन्हा भरायची, आकडा पंपच सांगेल. ती म्हणाली, असू दे. आगाताला सोडून एक रात्र बाहेर राहायची तिची ही पहिलीच वेळ होती. सासूबाई इदालीना म्हणाल्या, जा, मी चार वाढवलीत. तरी पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये तिने सहादा फोन केला. सातव्यांदा सासूबाईंनी उचललाच नाही, आणि मारिलेईला पुन्हा फोन लागेपर्यंतच्या पंचवीस मिनिटांत जगातले सगळे अपघात दिसून गेले. दोघी अंगणात कोंबड्यांना मका टाकत होत्या.

सोमवार-मंगळवारी पांढरी गेली आणि आली. चारशे नऊ लिटर. सासरे खूश. नऊ लिटर म्हणजे काय, वाल्देसीरचा पाय माझ्याहून हलका आहे, तो सहज आत आणेल, असं ते म्हणाले.

बुधवारी हिरवी निघाली. गाडी इतकी गुळगुळीत चालली की मारिलेई मनातल्या मनात आकडा धरू लागली: तीनशे नव्वद, कदाचित पंच्याऐंशी. सासऱ्यांना मात्र करमेना. आपोआप पडणारा गिअर त्यांना हातात हात न देणाऱ्या पाहुण्यासारखा वाटत होता. पन्नासाव्या किलोमीटरला त्यांनी तो आपोआपवरून हातावर घेतला. चढावर त्यांना इंजिन गायला हवं असे, म्हणून ते एकेक गिअर ताणून धरायचे. आणि उतार लागला की, पांढरीत केलं होतं तसंच, बोळकं.

पोउसो रेदोंदोच्या घाटात मारिलेईने डाव्या-उजव्या बाजूला बघणंच सोडलं. एका बाजूला झाडांचे शेंडे गाडीच्या चाकांखाली होते. पस्तीस टनांचा माल पाठीशी, गिअर मोकळा, सासरे मजेत गुणगुणतायत आणि ब्रेकचा जळका वास आत येतोय. भीती घालवायला तिने समोरच्या पडद्यावर डोळे रोवले. तिथे या क्षणाला तासाला किती लिटर डिझेल जातंय त्याचा आकडा पळत होता. दर वळणाला तो आकडा वहीत लिहायचा, बस, दुसरं काही बघायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. मध्येच सासरे म्हणाले, माते भर ग. तिने थर्मासमधून भोपळ्यात गरम पाणी ओतलं, नळी त्यांच्याकडे वळवून भोपळा उजव्या हातात दिला, आणि पुन्हा आकडा लिहायला लागली.

गुरुवारी दुपारी परत येऊन टाकी भरली. चारशे एकवीस.

मारिलेईने पंपवाल्याला पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. सासरे काही लागट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी नुसती हिरवीच्या दारावर थाप मारली आणि म्हणाले, दिसायला छान, कामाला नाही. घरी येईपर्यंत ते शीळ घालत होते.

संध्याकाळी वाल्देसीरचा फोन आला. मागे कुठल्यातरी ढाब्याची कलकल होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना मारी. तू वाचलंस ते पुस्तकातलं. बाबांना कळतं त्यातलं. पांढरीच घेऊ, मी नऊ लिटर काढतो कुठून तरी."

"कुठून काढशील?"

"हळू चालवीन."

तिला त्याच्या आवाजावरून कळलं की त्याचा स्वतःचाही विश्वास नाही. पांढरी घेऊन चारशे तीन आले तर? चाचणी एकदाच. मग नवी गाडी घेऊनही पुन्हा मातो ग्रोसो, पुन्हा चाळीस दिवस, फक्त गाडी जास्त चकचकीत.

शुक्रवारी सकाळी आगाताला मांडीवर घेऊन, तिच्या तोंडात केळ्याचा घास आणि समोर वही, मारिलेई घाटाचं पान वाचत बसली. उतारावरचे आकडे तिने आधीही पाहिले होते, पण बेरजेच्या नादात. आता ती एकेक वाचू लागली. दोन पूर्णांक चार. दोन पूर्णांक सहा. दोन पूर्णांक पाच. शून्य. शून्य. मग पुन्हा दोन पूर्णांक चार. पुढच्या पानावर पुन्हा तीन शून्यं. तिला आधी वाटलं घाईत चुकून लिहिलं. मग शून्याशेजारी तिच्याच अक्षरात लिहिलेलं दिसलं: 'माते दिली, एका हाताने चालवतायत, देवा.'

ती उठून उभीच राहिली. आगाताचा घास खाली पडला.

जिथे जिथे शून्य होतं तिथे तिथे सासऱ्यांच्या उजव्या हातात भोपळा होता. तिकडच्या गाड्यांत गिअर उजव्या हातालाच असतो; भोपळा हातात, म्हणजे गिअर काढायला हात मोकळा नाही. म्हणजे गाडी गिअरमध्ये, पाय वर, आणि डिझेल शून्य. चाकंच इंजिनाला फिरवत होती, गाडीतल्या संगणकाने फवारा बंद करून टाकला होता. बोळकं केलं की इंजिन चाकांपासून तुटतं, आणि मग ते जिवंत ठेवायला त्याला भरवावंच लागतं. वर वेग सुटतो तो ब्रेकने मारायचा, आणि उताराच्या पायथ्याशी मेलेला वेग पुन्हा डिझेलने उभा करायचा. त्यात चढावर ताणलेले गिअर. तिने कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. बावीस लिटर तरी निघत होते. हिरवी चारशेच्या आत होती. तिला आत राहूच दिलं नव्हतं.

वाल्देसीर जेवायच्या वेळेला पोचला. त्याने अंघोळ केली, आणि तिने त्याला मक्याचा पोलेंता वाढता वाढता सगळं सांगितलं, इतक्या भरभर की त्याने दोनदा हात वर करून थांबवलं.

"पटतंय," तो म्हणाला. "पण हे बाबांना कोण सांगणार?"

"तू."

"मी? मला त्यांनी सतराव्या वर्षी बोळकं शिकवलंय. त्या घाटात. मांडीवर बसवून नव्हे, पण जवळजवळ."

दोघंही खिडकीतून बाहेर बघत राहिले. पडवीत सासरे शेजाऱ्याला पांढरीचं वर्णन करून सांगत होते आणि हाताने हवेत तिची उंची दाखवत होते. चाळीस वर्षं ट्रकवर काढलेल्या माणसाला सांगायचं की ज्या गोष्टीसाठी तुम्हाला सगळा जिल्हा ओळखतो तीच गोष्ट डिझेल प्यायली. मारिलेईला वर्गातल्या सगळ्यात आडदांड पोरांची भीती वाटली नव्हती इतकी आता वाटत होती.

शनिवारी सकाळी दहाला हिरवी परत न्यायला विक्रेत्याचा माणूस येणार होता. सात वाजता मारिलेई अंगणात गेली. सासरे जुन्या गाडीच्या पायरीवर बसले होते.

"बाबा, मला गोयो-एनच्या उतारावर घेऊन चला. हिरवीतून. एकदा तुमच्या पद्धतीने, एकदा माझ्या."

सासऱ्यांनी भोपळ्यातला शेवटचा घोट नळीतून खर्रकन ओढला. "तुझी पद्धत कुठली? तुझ्याकडे गाडीचं लायसन आहे, तेही लहान गाडीचं."

"म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

ते उठले. नाही म्हणायचं कारण त्यांना सापडलं नाही, किंवा उताराचं नाव काढल्यावर त्यांचा पाय आपोआप निघाला. वाल्देसीर मागच्या झोपायच्या फळीवर चढून बसला.

गोयो-एनचा उतार गावापासून फार लांब नाही. रस्ता वळणं घेत खाली उरुग्वाय नदीवरच्या पुलाला जाऊन मिळतो. वरच्या सपाटीला मारिलेईने सांगितलं ते तिने आदल्या रात्रीपासून घोकलं होतं: माते देताना हात अडकला की आकडा शून्य होतो, पडद्यावर बघा. सासऱ्यांनी गिअरमध्ये ठेवून बघितलं. शून्य आलं. बोळकं केलं. दोन पूर्णांक पाच. त्यांनी मान हलवली.

"तो पडदा काय, टीव्हीतली बाई पण रोज ऊन पडणार म्हणून सांगते. आपण भिजतोच."

"पण बाबा..."

"ज्याने गाडी विकायची त्यानेच तो आकडा बसवलाय, पोरी. तुझा विश्वास बसला, माझा नाही बसत."

मारिलेईच्या डोक्यात उरलेले सगळे मुद्दे कागदावरचेच होते, आणि कागद त्यांनी कधी हातात घेतला नव्हता. खाली पहिलं वळण दिसायला लागलं होतं. उतार संपला की संपलं. आणि मग तिला पडवीतला तो डोळे मिटून बसलेला माणूस आठवला.

तिने गळ्यातला रुमाल सोडला आणि पडद्यावर टाकून आकडा झाकला. मग रेडिओ बंद केला, पंखा बंद केला, आणि स्वतःच्या बाजूची काच पूर्ण खाली घेतली.

"पडदा गेला," ती म्हणाली. "आता कान लावा."

सासऱ्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनीही काच खाली घेतली. बोळकं केलेलंच होतं. आत आवाज येत होता तो प्रत्येक डिझेल गाडीचा असतो तसा, एकसारखं दाणे फुटल्यासारखं टक-टक-टक-टक. त्यांनी गिअर टाकला, पाय वर घेतला.

टकटक बंद झाली.

नुसता वारा, टायरचा घासटलेला आवाज आणि खोल कुठेतरी एक बारीक घरघर. सासऱ्यांच्या भुवया जवळ आल्या. त्यांनी गिअर काढला. टक-टक-टक. गिअर टाकला. गप्प. वळण आलं, ब्रेकला पाय लावायची गरजही पडली नाही. गाडीने स्वतःच स्वतःला धरलं होतं. त्यांनी पुन्हा काढला. पुन्हा टाकला. मागच्या फळीवर वाल्देसीर पुढे सरकून दोन सीटच्या मध्ये आला होता, तोंड उघडं. पाचव्यांदा गिअर टाकून सासऱ्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं, त्यांची टोपी उडाली आणि रस्त्याच्या कडेच्या गवतात गेली, तरी ते तसेच.

"खात नाहीये ही," ते म्हणाले. मग जरा मोठ्याने, मुलाला: "ऐकलंस? हिच्या तोंडात घासच नाहीये."

पुलाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली आणि उतरले. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग नदीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मारिलेईचा आनंद जरा मागे सरला. तिला वाटलं, आपण या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतलं. ती खाली उतरून जरा अंतर ठेवून उभी राहिली.

"आणि माझी जुनी?" त्यांनी न वळता विचारलं. "ती पण अशीच गप्प व्हायची असेल?"

मारिलेईच्या तोंडावर एक गोड खोटं आलं होतं. ते तिने गिळलं. "जुनीचं मला माहीत नाही, बाबा. मी तिच्यात कधी ऐकलं नाही."

"मी पण नाही," ते म्हणाले. "उतारावर मी गाणी म्हणायचो."

आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, आणि वाल्देसीर धावत आला की काय झालं. चाळीस वर्षांत ज्याने सगळ्या जिल्ह्याची इंजिनं ऐकली त्याने स्वतःचं उतारावर कधीच ऐकलं नव्हतं, कारण तिथे त्याचा सूर लागायचा. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि घड्याळ बघितलं. नऊ वाजून गेले होते. वर जाताना त्यांनी गिअर आपोआपवर टाकला आणि दोन्ही हात चाकावर ठेवले, पहिल्यांदा गाडी हातात धरलेल्या माणसासारखे. वाटेत थांबून टोपीही उचलली. पांढरीच्या विक्रेत्याला नको म्हणून फोन त्यांनी स्वतः केला. संघाच्या खिडकीत नाव अकरा चाळीसला पडलं.

चाचणी मंगळवारी सुरू झाली. वाल्देसीर चालवणार, शेजारी संघाचा माणूस जोइल्सोन बसणार, तिसऱ्याला जागा नाही. पहाटे संघाच्या पंपावर टाकी भरायला मात्र सासरे हजर. त्यांनी नळी पंपवाल्याच्या हातून घेतली, आणि पुढचे दीड दिवस घरात कुणाला बसू दिलं नाही. मारिलेईला वाटत होतं आपणच जगातल्या एकट्या घाबरट. पण सासरे दर दोन तासांनी विचारायचे, कुठे पोचला असेल, घाट उतरला असेल का. फोन करायचा नाही असं ठरलं होतं. बुधवारी सकाळी त्यांनी तो नियम मोडला, नंबर फिरवला, घंटा वाजायच्या आत ठेवून दिला आणि कुणी पाहिलं नाही ना म्हणून मागे वळले. दारात मारिलेई होती. तिच्याही हातात फोन होता.

तीनच्या सुमारास हिरवी फाटकातून आत आली. मारिलेई आगाताला कडेवर घेऊन पंपाशी उभी होती, आणि आजूबाजूला आपापल्या गाड्यांचे नंबर यायची वाट बघणारे आठ-दहा जण. सकाळपासून दोन गाड्या चारशेच्या पलीकडे गेल्या होत्या. वाल्देसीर उतरला, तिच्याकडे बघून त्याने फक्त खांदे उडवले. पडद्यावर आकडा होता, पण संघ पडदा मानत नव्हता. संघ पंप मानत होता.

नळी लागली. शंभर. दोनशे. मारिलेईने आगाताला इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. तीनशे. तीनशे पन्नास. ऐंशी. आता आकडे हळू सरकताहेत असं तिला वाटलं, खरं तर ते तेवढ्याच वेगाने सरकत होते. तीनशे एक्क्याण्णव. खट्ट. नळी आपोआप बंद झाली.

वाल्देसीरने दोन्ही हात वर केले. कुणीतरी शिट्टी मारली. जोइल्सोनने पेन काढलं.

"थांब," सासरे म्हणाले.

सगळे वळले.

"मंगळवारी मी फेस बसेपर्यंत भरली होती. गळ्यापर्यंत. गाडी हलवून, हवा काढून. तशीच भर."

"बाबा," वाल्देसीर म्हणाला, अगदी हळू.

"आर्लिंदोकाका, नळी बंद झाली की आम्ही लिहितो," जोइल्सोन म्हणाला. "बाकीच्यांचं तसंच लिहिलंय."

"बाकीच्यांनी भरताना पण तिथेच थांबवली होती. मी नव्हती थांबवली. इथून लिहिलंस तर आमची चोरी होईल."

मारिलेईला त्या क्षणी सासऱ्यांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. नऊ लिटर शिल्लक होते. पाच रात्री. हा माणूस त्या स्वतःच्या हाताने टाकीत ओतत होता. तिने तोंड उघडलं आणि बंद केलं, कारण ते खरं बोलत होते आणि तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते कळत होतं.

नळी पुन्हा लागली. तीनशे ब्याण्णव. फेस वर आला. थांबले. वाल्देसीर पायरीवर चढून गाडी हलवू लागला, मग दोघे ड्रायव्हर न सांगता पुढे आले आणि दुसऱ्या बाजूने ढकलू लागले. फेस बसला. तीनशे चौऱ्याण्णव. पुन्हा फेस. बसला. शहाण्णव. सासरे टाकीच्या तोंडाशी वाकून बघत होते, डोळा जवळजवळ आत. "अजून आहे," ते म्हणाले. सत्त्याण्णव. मारिलेईने आकड्याकडे बघणं सोडलं आणि सासऱ्यांच्या पाठीकडे बघू लागली. पाठ हलत नव्हती. "जरा." सत्त्याण्णव पूर्णांक आठ. "थेंब थेंब सोड." डिझेलचा चकचकीत गोल गळ्याशी वर आला, थरथरला आणि टिकला.

"बस," सासरे म्हणाले आणि पाठ सरळ केली.

तीनशे अठ्ठ्याण्णव पूर्णांक तीन.

जोइल्सोनने आकडा लिहिला, सासऱ्यांपुढे सहीच्या कागदाची फळी धरली, त्यांनी ती न बघता मुलाकडे सरकवली. मुलाने सही केली. गाडी ढकलणाऱ्या दोघांपैकी एकाने विचारलं, आर्लिंदो, घाटात बोळकं नाही केलं का रे पोराने. सासऱ्यांनी त्याच्या दंडाला धरलं.

"ये इकडे. वर चढ. चालू करतो, आधी नुसतं ऐक. नाही, बोलू नकोस. तू बोललास की ऐकू येत नाही."

तो माणूस हसत वर चढला, त्याच्या मागे दुसरा. वाल्देसीर मारिलेईच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या अंगाला दीड दिवसाच्या घामाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येत होता. पहिला माल कधी भरायचा, तिने विचारलं.

"शुक्रवारी पहाटे."

आज बुधवार. म्हणजे आज घरी, उद्याही घरी. मारिलेईने बोटं मोजली नाहीत. समोर हिरवीचं इंजिन सुरू झालं, आणि केबिनमधून सासऱ्यांचा आवाज आला की सगळ्यांनी खिडक्या खाली घ्या.